सराव-स्विंग बरोबर येतो, मग चेंडू समोर ठेवला की जुनाच का परत येतो?

उजवीकडचा

नमस्कार. मी उजव्या हाताने खेळतो आणि बऱ्याच वर्षांपासून हौशी पातळीवर गोल्फ खेळत आहे. माझा दोष इथल्या अनेकांच्या परिचयाचा असेल. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने, मारलेला चेंडू आधी थोडा डावीकडे निघतो, मग हवेत उजवीकडे वळत जातो आणि फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) सोडून गवतात किंवा झाडांत पडतो. प्रशिक्षकांनी व्हिडिओ दाखवून कारणही समजावून सांगितले आहे. बॅकस्विंग पूर्ण होऊन क्लब खाली येऊ लागतो, त्याच क्षणी माझा उजवा खांदा चेंडूच्या दिशेने पुढे झेपावतो. त्यामुळे क्लब बाहेरून आत असा चेंडूला कापत येतो आणि क्लबफेस, म्हणजे चेंडूला भिडणारा क्लबचा सपाट भाग, उघडा (उजवीकडे वळलेला) राहतो.

दोष कळलेला आहे, उपायही कळलेला आहे. कोडे वेगळेच आहे. चेंडू न ठेवता नुसता स्विंग केला, तर तो व्हिडिओत अगदी हवा तसा दिसतो, खांदा मागे राहतो आणि क्लब आतून येतो. मात्र टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) चेंडू ठेवला की दुसऱ्याच सेकंदाला जुना स्विंग हजर होतो, आणि तो जुना होता हेसुद्धा मला चेंडू वळू लागल्यावरच कळते. त्यातून नव्या पद्धतीने मारण्याचा कसोशीने प्रयत्न केला, तर चेंडू पूर्वीपेक्षाही वाईट जातो. आणखी एक गोष्ट मला सुटत नाही: ड्रायव्हर उजवीकडे वळतो, पण वेजने (जवळच्या, उंच फटक्याच्या क्लबने) मारलेला चेंडू सरळ डावीकडे जातो. म्हणजे मला दोन वेगवेगळे दोष आहेत का?

जे शरीराला करता येते आणि डोक्याला समजते, ते नेमके चेंडूसमोर का होत नाही, आणि ही सवय मोडण्याचा सराव नेमका कसा करावा, यावर जाणकारांनी लिहावे.

---

लॉफ्ट

आधी वेजचे कोडे सोडवतो, कारण त्यातच बाकीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. आपल्याला दोन दोष नाहीत, एकच आहे. चेंडू सुरुवातीला कोणत्या दिशेने निघतो हे बहुतांशी आघाताच्या क्षणी क्लबफेस कुठे पाहत आहे यावर ठरते, आणि हवेत तो कोणत्या बाजूला वळतो हे क्लबफेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावर ठरते. पूर्वी याच्या उलट शिकवले जात असे. मार्ग सुरुवातीची दिशा ठरवतो आणि फेस शेवट ठरवतो, असे जुन्या प्रशिक्षकांचे म्हणणे होते. रडारने चेंडू आणि क्लब यांचे मोजमाप करता येऊ लागल्यावर ते मागे पडले, तरी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, अजूनही ऐकू येते.

आता आपला चेंडू पाहा. तो डावीकडे निघतो, याचा अर्थ आघाताच्या क्षणी आपला क्लबफेस लक्ष्याच्या डावीकडे पाहत असतो. म्हणजे लक्ष्याच्या हिशेबाने तो उघडा नाहीच, उलट बंद आहे! मात्र क्लबचा मार्ग त्याहूनही अधिक डावीकडे चाललेला असतो, म्हणून त्या मार्गाच्या हिशेबाने फेस उघडा ठरतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, दहा अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे एवढ्या फरकानेही चेंडूच्या फिरकीचा अक्ष बराच कलतो. पिचिंग वेजचा लॉफ्ट पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो. तिथे मागची फिरकी एवढी जोरदार असते की तोच फरक अक्षाला फारसा कलवू शकत नाही, आणि चेंडू फेस जिकडे पाहतो तिकडेच, म्हणजे डावीकडे, सरळ जातो. स्विंग तोच, हत्यार निराळे.

यातून मला सांगायचे आहे ते असे की, आपल्या स्विंगमध्ये एक चूक नाही, एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या दोन चुका आहेत. बहुतेक स्लाइस, म्हणजे असा उजवीकडे वळणारा फटका, मारणाऱ्यांची गोष्ट ग्रिपपासून, म्हणजे क्लबच्या पकडीपासून, सुरू होते. डावा हात क्लबवर कमकुवत, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला फार वळलेला असतो. स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिले तर एखादेच पेर (बोटाच्या मुळाशी असलेला सांधा) दिसते. अशा ग्रिपने फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो. खेळाडू स्वाभाविकपणे डावीकडे रोख धरतो आणि चेंडू डावीकडे ओढायला लागतो. ओढण्यासाठी खांदा पुढे येतो, मार्ग आणखी बाहेरून आत होतो, चेंडू आणखी वळतो, म्हणून रोख आणखी डावीकडे जातो. काही वर्षांनी या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की आधी काय आले हे खेळाडूलाही आठवत नाही.

आता त्यातली एकच दुरुस्त करून पाहा. ग्रिप सुधारली आणि खांदा तसाच राहिला, तर फेस मार्गाशी जुळतो आणि चेंडू न वळता थेट डावीकडच्या झाडांत जातो. मार्ग सुधारला आणि ग्रिप तशीच राहिली, तर चेंडू उजवीकडे निघतो आणि उजवीकडेच जातो, परत येण्याचे नाव घेत नाही. अर्धवट दुरुस्तीचे फळ पूर्ण दोषापेक्षा वाईट असते. आपण नव्या पद्धतीने मारताना चेंडू अधिक वाईट जातो असे लिहिले आहे, त्याचे कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. आणि माणूस जुन्या स्विंगकडे परततो तो आळसामुळे नव्हे. त्या क्षणी हिशेबाने पाहिले तर जुना स्विंगच अधिक भरवशाचा असतो.

एक कुतूहल म्हणून विचारतो: आपला हातमोजा तळहाताच्या टाचेपाशी, म्हणजे करंगळीच्या बाजूला मनगटालगत, फाटतो का?

---

मंदगती

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि हालचालींच्या सवयी बदलणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे चेंडूच्या उड्डाणापेक्षा माणसाच्या बाजूने लिहिते.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. अनुभवी खेळाडूचा बॅकस्विंग साधारण पाऊण सेकंदाचा असतो आणि डाउनस्विंग सुमारे पाव सेकंदाचा. चेंडू आणि क्लबफेस यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. डोळ्यांनी काही पाहून त्यावर जाणीवपूर्वक प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे डाउनस्विंग सुरू झाल्यावर "खांदा पुढे जातो आहे, थांबव" असा निरोप मेंदूतून स्नायूंपर्यंत पोहोचून उपयोगी पडेल, तोपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. खाली येणारा स्विंग आपण घडवत नसतो, तो आधीच तयार झालेल्या आज्ञावलीप्रमाणे सुटतो. त्यामुळे तो जुना होता हे आपल्याला चेंडू वळल्यावर कळते, यात आपली एकाग्रता कमी पडते असे मानण्याचे कारण नाही.

मग प्रश्न उरतो तो असा की, चेंडू नसताना नवी आज्ञावली का सुटते आणि चेंडू असताना जुनीच का. कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन कृती मेंदूच्या दृष्टीने एक नाहीत. नुसत्या स्विंगमध्ये आपला हेतू "खांदा मागे ठेवून क्लब आतून आणणे" हा असतो. चेंडू ठेवला की हेतू बदलतो आणि "तो चेंडू तिकडे दूर पाठवणे" हा होतो. आणि या हेतूशी वर्षानुवर्षे एकच हालचाल जोडली गेलेली आहे. टी, त्यावरचा पांढरा चेंडू, पायांची मांडणी आणि समोरचा फेअरवे हे सगळे मिळून एक संकेत होतो आणि तो मिळाला की सवय आपोआप सुरू होते. आपण घाईत सही करतो ती पाहा. अक्षर बदलायचे असे ठरवून कोऱ्या कागदावर वळणदार नाव लिहिता येते, पण अर्जाच्या तळाशी रेघ दिसली की हात जुनीच सही करून मोकळा होतो.

सवयीचे हे काम मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया या केंद्रसमूहाकडे असते. 2005 मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात असे दाखवले की, चक्रव्यूहातली एखादी सवय लागल्यावर या भागातील चेतापेशींच्या कार्याला विशिष्ट आकृतिबंध येतो. बक्षीस काढून घेतले की तो आकृतिबंध दिसेनासा होतो, आणि बक्षीस परत ठेवताच तो पुन्हा उगवतो. म्हणजे सवय पुसली गेलेली नसते, ती झाकलेली असते. माणसाच्या बाबतीत रुग्णांमध्ये मी रोज जे पाहते ते याच्याशी मिळतेजुळते आहे. जुना स्विंग मोडण्याची भाषा म्हणूनच मला दिशाभूल करणारी वाटते. तो मोडत नाही. त्याच्या शेजारी नवा स्विंग उभा करून, चेंडू पाहिल्यावर नवा आधी सुटेल इतका त्याला बळकट करावा लागतो. थकवा, घाई किंवा स्पर्धेचा ताण आला की जुना डोके वर काढणारच, आणि त्याने डोके वर काढले म्हणून केलेले काम वाया गेले असे होत नाही.

त्यात भर म्हणजे आपला जुना स्विंग आपल्याला अधूनमधून बक्षीस देतो. दोन चुका नेमक्या जुळल्या की चेंडू डावीकडून सुंदर वळून फेअरवेच्या मध्यावर येऊन पडतो, आणि तो फटका दिवसभर लक्षात राहतो. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरी, अवचित मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय अधिक चिवट असते. मानसशास्त्रातील ही फार जुनी आणि अनेकदा तपासली गेलेली गोष्ट आहे. दोष नेहमीच वाईट फळ देत असता, तर आपण तो कधीच टाकला असता.

सरावाविषयी माझे म्हणणे असे. चेंडू ठेवा, परंतु लक्ष्य काढून टाका. जाळीत मारा, म्हणजे चेंडू कुठे गेला हे दिसणारच नाही आणि हेतू हालचालीवरच टिकून राहील. ड्रायव्हर नको, सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) घ्या. कमरेपासून कमरेपर्यंत एवढाच स्विंग करा आणि तो इतका सावकाश करा की खांदा कुठे आहे हे वाटेतच जाणवेल. ही हालचाल चेंडूसमोरही टिकू लागली की आधी लांबी वाढवा, मग वेग, आणि सर्वांत शेवटी लक्ष्य परत आणा. प्रत्येक पायरीवर जुना स्विंग परत आला, तर एक पायरी खाली उतरा. हे कंटाळवाणे आहे, मान्य आहे, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात.

---

अठरावे होल

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण त्यांच्या आधीचा प्रश्न कोणी विचारलेला नाही: हा स्विंग बदलायलाच हवा का?

अमेरिकी व्यावसायिक गोल्फपटू जिम फ्युरिकचा स्विंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि वर पोहोचल्यावर एक वळसा घेऊन अगदी दुसऱ्या वाटेने खाली येतो. पुस्तकी नजरेने पाहिले तर कोणताही प्रशिक्षक तो पहिल्याच दिवशी दुरुस्त करायला घेईल. त्याच स्विंगने फ्युरिकने 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपच्या शेवटच्या फेरीत 58 फटक्यांची फेरी खेळली, जी पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतली सर्वांत कमी फटक्यांची फेरी ठरली. तो वळसा दिसायला विचित्र आहे, पण आघाताच्या क्षणी क्लब दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात येतो. गोल्फमध्ये गुण त्याचेच मिळतात.

उलट, ज्यांनी स्विंग बदलला त्यांना काय किंमत मोजावी लागली तेही पाहावे. इंग्लंडचा निक फाल्डो 1983 मध्ये युरोपीय टूरवर आघाडीचा खेळाडू होता. त्यानंतर प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरच्या मार्गदर्शनाखाली स्विंग मुळापासून बदलण्याचे त्याने ठरवले आणि मधली काही वर्षे त्याचा खेळ इतका घसरला की तो संपला असे बोलले जाऊ लागले. 1987 मध्ये म्युअरफील्डला शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत, खेळून त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, आणि पुढे एकूण सहा मेजर (सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धा) त्याच्या नावावर लागल्या. टायगर वूड्सने 1997 ची मास्टर्स बारा फटक्यांच्या फरकाने जिंकल्यानंतर प्रशिक्षक बुच हार्मनबरोबर स्विंग बदलायला घेतला. 1998 मध्ये त्याला पीजीए टूरवर एकच विजय मिळाला, 1999 मध्ये मात्र आठ मिळाले. या कथा प्रेरक म्हणून सांगितल्या जातात, आणि त्या आहेतही. पण ही माणसे दिवसभर तेच काम करत होती, शेजारी जगातले उत्तम प्रशिक्षक उभे होते, आणि तरीही वर्ष-दोन वर्षे गेली. आठवड्यातून एखाद्या दिवशी खेळणाऱ्या माणसाने हे गणित आपल्या वेळेला लावून पाहावे.

माझा निकष सरळ आहे. चेंडू दर वेळी साधारण सारखाच वळत असेल, तर तो दोष नसून आपला फटका आहे. डावीकडे रोख धरावा आणि खेळावे. तो कधी थोडा, कधी खूप आणि कधी मुळीच वळत नसेल, किंवा खेळून पाठ आणि खांदा दुखत असेल, तरच बदलाच्या मागे लागावे.

---

उजवीकडचा

सर्वांचे आभार. लॉफ्ट, आपला अंदाज बरोबर आहे; हातमोजा नेमका तिथेच फाटतो, आणि मी आजवर त्याचा दोष मोज्याच्या चामड्याला देत आलो. डाव्या हाताचे एकच पेर दिसते, हेही खरे निघाले.

अठरावे होल यांच्या निकषाने पाहिले तर माझा चेंडू सारखा वळत नाही. वारा समोरून असला आणि मी जोर लावला की वळण दुप्पट होते, आणि आरामात खेळलो तर कधी कधी तो डावीकडेच राहतो. म्हणून बदल करायचाच, असे मी ठरवले आहे.

दोन शंका उरतात. मंदगती यांनी सांगितलेला सावकाश, अर्धा स्विंग मी जाळीसमोर करून पाहिला. मला आतून असे वाटत होते की क्लब फारच आतून, जवळजवळ पाठीमागून येत आहे आणि चेंडू भलतीकडेच जाईल. व्हिडिओ पाहिला तर तो जेमतेम मध्यावर आला होता. मग भरवसा कशावर ठेवायचा, जाणवते त्यावर की दिसते त्यावर? आणि हा बदल चालू असताना मित्रांबरोबरच्या ठरलेल्या फेऱ्या खेळायच्या की काही काळ मैदानावर जायचेच नाही?

---

लॉफ्ट

दिसते त्यावर. जाणीव ही नेहमी सवयीशी तुलना करून बोलते. बाहेरून आत येणारा मार्ग आपल्या शरीराने "सरळ" म्हणून नोंदवून ठेवला आहे, त्यामुळे खरोखर सरळ येणारा मार्ग त्याला अतिरेकी वाटणारच. सुरुवातीच्या काळात "हे फार झाले" असे वाटत नसेल, तर बहुधा काहीच बदललेले नाही असे समजावे. मी तर मुद्दाम अतिरेक करायला सांगतो: उजवीकडच्या झाडांकडे मारतो आहे अशा बेताने क्लब न्यावा, आणि व्हिडिओत तो जिथे पोहोचला ते पाहून पुढचा अतिरेक किती करायचा हे ठरवावे. व्हिडिओ मात्र एकाच जागेवरून घ्यावा. कॅमेरा लक्ष्यरेषेच्या मागे, हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवला तरच मार्ग खरा दिसतो. तो हातभर डावीकडे सरकला तरी चांगला स्विंग वाईट आणि वाईट स्विंग चांगला दिसू लागतो, आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

क्रमाविषयी माझा आग्रह आहे: आधी ग्रिप. ग्रिप ही स्विंग सुरू होण्यापूर्वीची गोष्ट आहे, तिथे पाव सेकंदाची अडचण येत नाही, आणि जाणीवपूर्वक लक्ष देऊन ती दर वेळी बरोबर करता येते. क्लबची मूठ तळहातात न धरता बोटांच्या मुळाशी तिरकी धरावी, म्हणजे तळहाताची टाच मुठीच्या वर बसते. मग मोजा तिथे घासून फाटणार नाही, कारण क्लब हातात फिरणारच नाही. वरून पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते तीन पेरे दिसावीत, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे वळलेली असावी. टीव्ही पाहताना क्लब हातात घेऊन पुन्हा पुन्हा अशी पकड करत राहिले तरी चालते. ती पहिल्यांदा अत्यंत चमत्कारिक वाटेल. क्लब हातातून सुटेल असेसुद्धा वाटेल. सुटत नाही.

नवी ग्रिप आल्यावर चेंडू डावीकडे जाऊ लागेल, आणि ते शुभलक्षण आहे. तो डावीकडे जातो म्हणून ग्रिप परत फिरवायची नाही. त्या डावीकडच्या चेंडूचा धाकच आपल्याला मार्ग बदलायला भाग पाडेल. बाहेरून आत ओढले की चेंडू सरळ डाव्या झाडांत जातो हे शरीराला कळले की ते ओढणे आपोआप कमी करू लागते. मार्गासाठी वेगळा सराव हवाच असेल, तर ड्रायव्हरच्या डोक्याचे मऊ आवरण चेंडूच्या पलीकडे, म्हणजे आपल्यापासून दूरच्या बाजूला, आणि चेंडूच्या जरासे मागे ठेवावे. क्लब बाहेरून आला तर आधी आवरण उडते. मग खांद्याचा विचार करायचाच नाही, फक्त आवरण चुकवायचे. आयर्नने गवतावरून मारत असाल तर उखडलेल्या हिरवळीच्या खाचेकडे एक नजर टाकावी. तिची दिशा लक्ष्याच्या डावीकडे असेल तर मार्ग अजून जुनाच आहे, मग चेंडू कितीही सुंदर गेलेला असो.

---

मंदगती

लॉफ्ट यांच्या आवरणाच्या युक्तीमागे एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे, म्हणून ती उघड करून सांगते. 1999 मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फमध्ये नवख्या असलेल्या लोकांना पिचचे (जवळचे, उंच उडणारे) फटके शिकवले; काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, तर काहींना क्लबच्या हालचालीकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचा अचूकपणा अधिक राहिला, आणि पुढच्या अनेक प्रयोगांत निरनिराळ्या खेळांतही हाच कल दिसला. शरीराच्या एकेका भागावर पहारा ठेवला की एरवी आपोआप जुळणारे बाकीचे भाग अडखळू लागतात. म्हणून "उजवा खांदा मागे ठेव" या सूचनेपेक्षा "क्लबने आवरण चुकव" ही सूचना शरीराला अधिक मानवते. आपल्या प्रशिक्षकांनी खांदा दाखवला ते निदान म्हणून योग्यच होते. पण निदान आणि स्विंगच्या वेळी मनात धरायची सूचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

फेऱ्यांविषयी. अगदी सुरुवातीचा काळ, म्हणजे अर्धा स्विंगही चेंडूसमोर टिकत नाही तोपर्यंत, मैदान टाळता आले तर उत्तम, कारण तिथला प्रत्येक फटका जुन्या संकेताला जुनेच उत्तर देण्याचा आणखी एक सराव ठरतो. त्यानंतर खेळा, पण गुण मोजू नका, आणि मनात एकच सूचना ठेवा; दोन ठेवल्या की दोन्ही सुटतात. ज्या दिवशी गुणांना महत्त्व आहे, त्या दिवशी मात्र स्विंगचा विचार घरी ठेवून जो फटका येईल त्याने खेळावे. दडपणाखाली आपल्याच हालचालीचे तुकडे करून त्यावर देखरेख करू लागणे, हे फटका बिघडण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. पटिंगवरच्या (चेंडू होलमध्ये घरंगळवण्याच्या फटक्यावरच्या) 1992 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे दिसले होते की, ज्यांनी नियम पाठ करून पटिंग शिकले होते ते ताणाखाली अडखळले, आणि ज्यांनी नियम न जाणता शिकले होते ते तसे अडखळले नाहीत.

रेंजवरच्या सरावाबद्दलही एक गोष्ट राहिली होती. नवा स्विंग बऱ्यापैकी बसला की एकाच क्लबने, एकाच लक्ष्यावर, एकामागून एक चेंडू मारणे थांबवा. तसा सराव फार समाधान देतो, कारण दहावा चेंडू पहिल्यापेक्षा नक्कीच चांगला जातो. मैदानावर मात्र तोच फटका लागोपाठ दोनदा मारायला मिळतच नाही. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन यांनी वेगळ्या हालचालींवर दाखवून दिले होते की, मिसळून केलेला सराव त्या वेळी वाईट दिसतो, पण काही दिवसांनी तपासले तर तोच अधिक टिकलेला असतो. क्लब बदला, लक्ष्य बदला, प्रत्येक चेंडूआधी मागे येऊन नव्याने उभे राहा. रेंजवर असे करताना आपण सुधारत नाही असे वाटेल, आणि त्या भावनेवर विश्वास ठेवू नका.

---

अठरावे होल

माझा निकष आपण प्रामाणिकपणे लावलात, त्यामुळे विरोध मागे घेतो. नियमांची एक सूचना मात्र देतो, कारण सरावाची साधने सवयीने मैदानावर जातात. रेंजवर रोख तपासण्यासाठी पायांसमोर काठी किंवा क्लब आडवा ठेवणे ठीक आहे. प्रत्यक्ष फेरीत फटका मारण्यासाठी उभे राहताना पाय किंवा शरीर रेषेत आणायला कोणतीही वस्तू जमिनीवर ठेवणे 2019 पासूनच्या नियमांत निषिद्ध आहे, आणि मारण्यापूर्वी ती उचलून घेतली तरी दंड टळत नाही. आणि रोख तपासाच. इतकी वर्षे डावीकडे उभे राहिलेल्या माणसाचे पाय स्विंग बदलल्यावरही डावीकडेच जाऊन उभे राहतात. तसे उभे राहिल्यावर आतून येणारा क्लबसुद्धा लक्ष्याच्या हिशेबाने बाहेरून आतच जातो. हे लॉफ्ट यांनी लिहायला हवे होते.

---

उजवीकडचा

ग्रिप बदलली आहे आणि लॉफ्ट यांनी म्हटल्याप्रमाणे चेंडू डावीकडे जाऊ लागला आहे, तेव्हा आता फिरवायची नाही. शेवटचा एक प्रश्न. एका मित्राने सुचवले की, स्लाइस कमी करण्यासाठी वजन क्लबच्या टाचेच्या, म्हणजे दांड्याजवळच्या, बाजूला सरकवलेला ड्रायव्हर मिळतो, तो घेतला तर एवढे सगळे करावेच लागणार नाही. यात तथ्य आहे का?

---

लॉफ्ट

काही अंशी आहे. अशा ड्रायव्हरमध्ये वजन टाचेकडे असल्यामुळे फेस बंद व्हायला मदत होते आणि वळण थोडे कमी होते. ज्यांना अठरावे होल यांच्या निकषाप्रमाणे स्विंग बदलायचाच नाही, त्यांच्यासाठी तो अगदी योग्य आहे. आपल्यासाठी आत्ता नको. सध्या चेंडूचे वळण हीच आपली मोजपट्टी आहे, आणि तो क्लब मोजपट्टीतच फेरफार करतो. शिवाय ग्रिप बदललेली असताना तो हातात आला, तर डावीकडे जाणारा चेंडू आणखी डावीकडे जाईल, आपण तो थोपवण्यासाठी हात धरून ठेवू लागाल, आणि मग सोडवायला एक तिसरी सवय तयार होईल. आहे तोच ड्रायव्हर ठेवा, काही काळ तो पिशवीतच राहू द्या, आणि टीवरून लांब आयर्न किंवा हायब्रिडने खेळा.

राहिला रोखाचा मुद्दा. अठरावे होल यांचे म्हणणे बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता. फेरीत काठी ठेवता येत नसली तरी चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्यरेषेवर चेंडूपासून हातभर पुढे एखादी गवताची काडी किंवा जुनी खाच हेरून ठेवता येते; ती आधीपासून तिथे असल्यामुळे नियमांत बसते. आधी क्लबफेस त्या खुणेकडे लावावा, पाय नंतर.